मत वेगळं, म्हणून चहा बंद?



मागच्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात आमच्या मंडळीतल्या एका तरुणाने मला विचारलं, "काका, त्या माणसाबरोबर तुम्ही अजून फिरायला जाता?" तो माणूस म्हणजे माझा तीस वर्षांचा मित्र. एकाच कार्यालयात आम्ही नोकरी केली आणि आता रोज सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली फेऱ्या मारतो. तो हिंदू, मी ख्रिस्ती, हे कुणाला खटकत नाही. खटकतं ते हे, की धर्मांतरविरोधी कायद्याच्या बाजूने तो उघडपणे बोलतो. त्या तरुणाला उभ्या उभ्या उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून हे पत्र.

डिसेंबर 2021 मध्ये ते विधेयक आपल्याच बेळगावात, सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनात, विधानसभेने मंजूर केलं. नाताळ दोन दिवसांवर आला होता. धर्म बदलायचा तर तीस दिवस आधी जिल्हा प्रशासनाला कळवायचं. धर्म बदललेल्याचे आईवडील, भाऊबहीण, इतकंच काय, सहकारीसुद्धा तक्रार करू शकतो. अशा तरतुदी त्यात होत्या. आमच्याकडे घरगुती प्रार्थना ठेवायलाही लोक कचरू लागले. त्याच आठवड्यात मित्र म्हणाला, "कायदा बरोबरच आहे की. काही खोटं नसेल तर भ्यायचं कशाला?"

मी काही न बोलता घरी आलो. त्या नाताळाला त्याच्या घरी आमचे कुलकुल गेले नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदाच. दीड महिना आम्ही वेगवेगळ्या वेळी फिरायला जात होतो.

शेवटी तोच दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "कुलकुल संपले असतील तर चहा तरी दे की." त्या दिवशी मी कायद्याचा विषय काढला नाही. एवढंच विचारलं, "तुला नेमकं कशाचं दुःख आहे?" तेव्हा कळलं. त्याच्या मावसभावाने फार पूर्वी धर्म बदलला होता. घरात कुणाला सांगितलं नाही. आईला ते शेजाऱ्यांकडून समजलं. पुढच्या गणपतीत आईने केलेला मोदक त्याने ताटातून बाजूला काढला. "ती माउली त्यातच खचली," मित्र म्हणाला. तीस वर्षं एकत्र डबा खाल्ला, पण हे मला माहीत नव्हतं. कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

मग मी माझं सांगितलं. म्हटलं, "समज, आपल्या ऑफिसातला एखादा माझ्याशी बोलून बोलून ख्रिस्ती झाला असता. शेजारच्या टेबलावरच्या कुणीही तक्रार केली, तर मी जबरदस्ती केली नाही हे मलाच सिद्ध करावं लागलं असतं." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे एवढं मी वाचलं नव्हतं."

मी त्याला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचायला दिलं. मनात होतं, आता याला पटेल. झालं उलटंच. पुस्तक परत करताना तो म्हणाला, "1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायको जवळ नव्हती. त्या बाईने पुढे किती भोगलं, बघ. मी तेच म्हणतोय." मी म्हटलं, "बघ की. पण त्याच बाई नंतर नवऱ्याकडे राहायला आल्या, आपलं सोवळं सांभाळून राहिल्या, आणि 1900 साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. कुठल्या कलेक्टरला विचारून?" एकाच पुस्तकात दोघांना आपापला मुद्दा सापडला होता. दोघंही हसलो. बालकवी ठोंबरे त्याच टिळकांच्या घरात मुलासारखे राहिले आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले, हेही आम्हाला तिथेच आठवलं.

2023 च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करायचं ठरवलं. मला हायसं वाटलं, त्याला ते पसंत पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फिरायला गेलो. त्याचं मत आजही तेच आहे, माझंही तेच. तरी दोघांत थोडा फरक पडलाय. "तुम्ही लोक असंच करता," हे वाक्य तो आता माझ्यासमोर बोलत नाही. आणि मी आमच्या मंडळीच्या सभेत उभा राहून पाळकसाहेबांना विनंती केली, की बाप्तिस्म्याची इच्छा घेऊन कुणी आला तर आधी विचारा, घरी आईला सांगितलंस का? काही वडीलधाऱ्यांना ते रुचलं नाही. पण ज्या श्रद्धेत आईवडिलांचा मान राखायची आज्ञा आहे, तिची सुरुवात आईपासून लपवून कशी व्हावी?

प्रत्येकाशी अशी मैत्री जमेल, असं मी म्हणत नाही. ज्याला मी शेजारी म्हणूनच नको आहे, त्याच्याबरोबर चहा होणार नाही. पण माझ्या मताला विरोध करणारा आणि माझ्या असण्यालाच विरोध करणारा, हे दोघे एक नव्हेत. भीतीच्या दिवसांत आपण ते एक समजतो आणि आपल्याच लोकांत बसून आपलीच वाक्यं एकमेकांना ऐकवत राहतो. मग बाहेर आपल्याबद्दल जे बोललं जातं, त्याला उत्तर द्यायला तिथे आपलं कुणी उरत नाही.

याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी स्त्रीशी बोलला, तेव्हा कुठल्या डोंगरावर भजन करायचं हा वाद निघालाच. पण त्याआधी त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं होतं. ज्याच्याशी वाद आहे त्याच्याकडे आधी काहीतरी मागावं, एवढं मला त्यातून कळतं.

म्हणून बाळा, हो, मी अजून त्या माणसाबरोबर फिरायला जातो. या नाताळात कुलकुल घेऊन तू चल माझ्यासोबत त्याच्या घरी. वाद घालायचा असेल तर खुशाल घाल. तो चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही.

— आपला एक वाचक, बेळगाव