वही कोणाच्या कपाटात?
(ऑनलाइन दुकानासाठी ‘शॉपिंग कार्ट’ निवडताना)

व्यापाऱ्याची खरी इस्टेट कोणती, असा प्रश्न कोणी केला तर अनुभवी माणूस गोदामाकडे अगर तिजोरीकडे बोट दाखविणार नाही. तो वहीकडे दाखवील. माल येतो आणि जातो, भाव चढतो आणि उतरतो. परंतु गिऱ्हाईक कोठले, ते काय नेते, केव्हा नेते आणि पैसे कसे चुकते करते, हे ज्या वहीत लिहिलेले असते ती वही ज्याच्या कपाटात, पेढी त्याची. दीपावलीस, वीर निर्वाण संवताच्या प्रारंभी, आपण वहीचे पूजन करतो ते उगाच नव्हे.

हे सांगण्याचे कारण असे की, बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागांतील आपल्या अनेक घरांत आज नवी पिढी ऑनलाइन दुकान घालण्याच्या विचारात आहे. कोणी संकेश्वरी मिरचीचे तिखट, कोणी कांदा-लसणाविना केलेले मसाले, कोणी घरचे पापड, तर कोणी निवडलेल्या डाळी पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांस पाठवू इच्छितात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र या मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा “कोणते सॉफ्टवेअर सर्वांत स्वस्त?” असा असतो, आणि दुसरा “कोणते दिसावयास सुरेख?” असा. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळाच असावयास हवा: या दुकानाची वही कोणाच्या कपाटात राहणार?

‘शॉपिंग कार्ट’ म्हणजे केवळ गिऱ्हाइकाच्या हातातील टोपली नव्हे. जी प्रणाली माल मांडते, भाव सांगते, कर आकारते, वाहतुकीचा खर्च जोडते, पैसे घेण्याची व्यवस्था करते, बिल फाडते आणि साठ्यातून माल वजा करते, ती आपल्या पेढीवरील मुनीम, तोलणारा आणि रोखपाल या तिघांचे काम एकटी करीत असते. मुनीम ठेवताना आपण त्याचे घराणे विचारतो, अक्षर पाहतो, जुन्या मालकाकडे चौकशी करतो. मग या मुनिमाची पारख केवळ जाहिरात वाचून कशी करावी?

आज मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला, अॅमेझॉन वा फ्लिपकार्ट यांसारख्या मोठ्या बाजारात आपली पाटी लावणे. तेथे गर्दी तयार असते. पण दलाली बाजारवाला ठरवितो, शेजारच्या पाटीवर तोच माल मांडलेला असतो आणि गिऱ्हाईक त्याचे असते, आपले नव्हे. दुसरा मार्ग भाड्याच्या गाळ्याचा. कॅनडातील शॉपिफाय (२००६) किंवा आपल्याकडील दुकान (२०२०) या कंपन्या मासिक वा वार्षिक भाडे घेऊन तयार दुकान देतात. झाडलोट, कुलूप, पहारा सर्व त्यांचे. शॉपिफायचा जन्म मोठा बोधप्रद आहे. तिचे संस्थापक बर्फावर घसरण्याच्या फळ्या विकावयास निघाले होते; त्यांस मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच ते रचले आणि पुढे तेच विकावयास काढले. तिसरा मार्ग स्वतःच्या जागेवर बांधण्याचा. वर्डप्रेसवर चालणारे वूकॉमर्स (२०११), तसेच ओपनकार्ट, प्रेस्टाशॉप ही मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. त्यांस परवान्याचे मोल पडत नाही. पण होस्टिंग, दुरुस्ती, राखीव प्रत आणि जाणता कारागीर यांचा खर्च मालकाच्या माथी येतो.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, भाड्याच्या गाळ्यास महिना दोन हजार रुपये पडतात, आणि पैसे घेणारी पेमेंट गेटवे कंपनी शेकडा २ रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी घेते. महिन्यास ८०० रुपयांच्या १०० मागण्या आल्या तर विक्री ८०,००० रुपये. गेटवेचे १,८८८ व भाडे २,००० मिळून खर्च ३,८८८ रुपये, म्हणजे शेकडा पाचाच्या आत. पण मागण्या २०च आल्या तर विक्री १६,००० आणि खर्च सुमारे २,३७८ रुपये. म्हणजे शेकडा जवळजवळ १५! ज्या धंद्यात शेकडा दोन-तीन सुटले तरी आम्ही समाधान मानतो, तेथे १५ रुपये मुनीमच खाऊन गेला तर मालकाने काय खावे? काही भाड्याच्या प्रणाली गेटवेच्या आकाराखेरीज आपलाही प्रत्येक विक्रीवर टक्का घेतात. तो दर आधी विचारून घ्यावा. यूपीआयने आलेल्या साध्या बँकखात्यातील पैशांवर २०२० पासून व्यापाऱ्यास बँकेचा आकार नाही. तेव्हा यूपीआयची सोय असणे आणि गेटवे कंपनी त्यावर आपला वेगळा आकार लावीत नाही ना हे पाहणे, या दोन्ही गोष्टी अगत्याच्या.

‘फुकट’ या शब्दानेही हुरळून जाऊ नये. मॅजेन्टो या नावाजलेल्या प्रणालीची पहिली आवृत्ती २००८ साली आली. जगभर दुकाने तिच्यावर उभी राहिली. जून २०२० मध्ये त्या आवृत्तीची देखभाल बंद झाली. ज्यांनी वेळीच स्थलांतर केले ते सावरले. इतरांची दुकाने चोरांस उघडी राहिली. स्वतःची इमारत बांधणाऱ्याने दरवर्षी कौले शाकारण्याची तयारी ठेवलीच पाहिजे.

म्हणून आमचा स्पष्ट अभिप्राय असा: दिवसाकाठी पाच-दहा मागण्याच येत असतील तर कार्टच्या भानगडीत पडूच नये. व्हॉट्सअॅप बिझनेसवर मालाची यादी, यूपीआयचा क्यूआर आणि हाताने लिहिलेले बिल एवढ्यावर काम उत्तम भागते. मागण्या लिहिता लिहिता हात दुखू लागला आणि चुका होऊ लागल्या, म्हणजे कार्ट घ्यावी. घरात संगणक जाणणारा मुलगा, मुलगी वा सून नसेल तर भाड्याचा गाळा बरा. असेल, आणि तिला रोज तासभर त्यासाठी देता येत असेल, तर स्वतःची जागा.

प्रणाली निवडताना आपल्या भागात काही परीक्षा विशेष कडक घेतल्या पाहिजेत. पहिली कराची. आपण सीमेवर बसलो आहोत. निपाणीस पाठविलेल्या पुडीवर केंद्र व राज्य असे दोन कर निम्मेनिम्मे लागतात. तेथून जवळच कागलास तीच पुडी गेली की राज्य बदलते आणि एकात्मिक कर लागतो. शिवाय परराज्यात करपात्र माल पाठविणाऱ्यास, उलाढाल कितीही थोडी असली तरी, सामान्यतः नोंदणी करावीच लागते. त्यातच १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या आवेष्टित व लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के कर आहे, मोठ्या पोत्यावर नाही. म्हणजे एकच तूरडाळ, पण ५ किलोच्या पिशवीस कर आणि ३० किलोच्या पोत्यास माफी. जी कार्ट वजनाप्रमाणे आणि गिऱ्हाइकाच्या राज्याप्रमाणे कर बदलू शकत नाही, ती कितीही देखणी असो, आपल्या कामाची नाही. दर बदलताही आले पाहिजेत. २२ सप्टेंबर २०२५ रोजी असंख्य वस्तूंचे दर एका रात्रीत बदलले, हे सर्वांच्या स्मरणात आहे.

दुसरी परीक्षा वजनाची. विलायती कार्ट पुष्कळदा कपडे व पुस्तके यांच्या हिशेबाने रचलेल्या असतात. प्रत्येक नगास एकच वाहतूक आकार. धान्य वजनावर जाते आणि अंतरावर जाते, म्हणून किलो व पिनकोड या दोहोंवर आकार बसविता आला पाहिजे. हलक्या मालाचे गणित आणखी निराळे. बहुतेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्यास ५००० ने भागतात आणि येईल ते वजन धरतात. ३० × ३० × २० चे खोके म्हणजे ३.६ किलो, आत एक किलो पापड असले तरी पैसे ३.६ किलोचे! ही आकारणी ज्या कार्टला कळत नाही, तिच्यात प्रत्येक मागणीमागे मालकाची कसर वाढत जाते.

तिसरी परीक्षा लिपीची. आपले गिऱ्हाईक मराठी वाचते, कन्नड वाचते. पडद्यावर नीट दिसणारी देवनागरी बिलाच्या पीडीएफमध्ये कित्येकदा विसकटते. जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. तेव्हा विकत घेण्यापूर्वी ‘संकेश्वरी मिरची’ असे लिहून एक बिल छापून पाहावे. चौथी परीक्षा हिशेबाची. दुकानातील गल्ला आणि ऑनलाइन मागणी यांचा साठा एकच धरला जातो काय, आणि महिन्याच्या मागण्या आपल्या टॅलीत सरळ उतरविता येतात काय, हे पाहावे. पाचवी परीक्षा कायद्याची. खाद्यमालाचा १४ आकडी परवाना क्रमांक बिलावर यावयास हवा. कमाल किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता इत्यादी मजकूर माल मांडतानाच दिसावयास हवा. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिन्याभरात करावयाचे, त्यासाठी जबाबदार माणसाचे नाव दुकानावर असावयास हवे. कार्डाचे क्रमांक साठवून ठेवण्याची परवानगी व्यापाऱ्यास १ ऑक्टोबर २०२२ पासून नाही; कार्डाने पैसे घेण्याचे काम गेटवेकडेच सोपविणारी प्रणाली घ्यावी.

येथवर व्यवहार झाला. आता धर्माचे बोलू, कारण आपल्या समाजात हे दोन्ही एकाच गादीवर बसतात. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात सांगितले आहेत. चोरीचा माल घेणे हा त्यांपैकी एक, खोटी मापे वापरणे हा दुसरा, आणि अस्सल म्हणून नक्कल देणे हा तिसरा. आज ‘क्रॅक’ केलेली सॉफ्टवेअरे व त्यांची जोडकामे शे-दोनशे रुपयांत, कधी फुकटही, मिळतात. चोराने आणून दिलेले पोते अर्ध्या भावात घेण्याहून हे वेगळे कसे? ‘तदाहृतादान’ ते हेच. शिवाय अशा पोत्यात बहुधा साप असतो. त्यातून दुकानात शिरलेला चोर गिऱ्हाइकांची यादी घेऊन जातो.

तीच गोष्ट युक्त्यांची. काही कार्ट ‘फक्त २ शिल्लक’, ‘आत्ताच १४ जण पाहत आहेत’ असे खोटे फलक लावण्याची सोय देतात; काही गिऱ्हाइकाच्या टोपलीत त्याने न मागितलेली वस्तू गुपचूप टाकतात; काही शेवटच्या पायरीवर नवे आकार काढतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांस मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सरकारने सांगण्यापूर्वी आपल्या आचार्यांनी हे सांगून ठेवले आहे. गोदामात शंभर पिशव्या असता दोनच शिल्लक म्हणणे म्हणजे तराजूच्या पारड्याखाली मेण लावणेच होय. अशी कळ प्रणालीत असेल तर ती पहिल्याच दिवशी बंद करावी. विकणारा म्हणेल की याने विक्री वाढते. वाढेलही, पण खोट्या मापानेही ती काही दिवस वाढतच असे.

आता पुन्हा वहीकडे वळू. दुकानाचा डोमेन, म्हणजे पाटीवरील नाव, पेढीच्या नावाने व पेढीच्याच पैशाने नोंदवावा. कारागिराच्या खात्यावर तो कदापि ठेवू नये. पहिल्या भाड्याचे पैसे भरण्यापूर्वी, मोफत चाचणीच्या दिवसांतच, दहा खोट्या मागण्या घालून पाहाव्यात आणि मालाची यादी, गिऱ्हाइकांची यादी व मागण्यांची यादी अशा तिन्ही आपल्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. ज्या प्रणालीतून त्या सुखरूप बाहेर निघतात, तीत प्रवेश करावा. जीत आत जाण्याचे दार रुंद व बाहेर येण्याचे अरुंद, तेथे माल उतरवू नये. पुढे दर महिन्यास ही उतरण नेमाने करावी, जशी आपण महिनाअखेर खतावणी करतो. गिऱ्हाइकाची माहितीही आवश्यक तेवढीच घ्यावी. नाव, पत्ता, फोन पुरे, जन्मतारीख कशास? ती आपली मिळकत नव्हे, आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचेही सांगणे हेच आहे. परिग्रहास परिमाण असावे ही शिकवण येथेही लागू पडते.

काही ज्येष्ठ सभासद म्हणतील की, हा सारा पोरखेळ आहे. गादीवर बसून फोनवर सौदा होतो, तेवढे पुरे. घाऊक व्यापारापुरते ते खरेही आहे. परंतु किरकोळ गिऱ्हाईक झपाट्याने मोबाइलवर चालले आहे, आणि तेथे आपली पाटी नसेल तर ते दुसऱ्याच्या पाटीखाली उभे राहील. उलट, उत्साही तरुण म्हणतील की, मोठ्या बाजारात पाटी लावली की झाले, वहीची चिंता कशाला? त्यांस आमचे सांगणे एवढेच की, तेथे जरूर बसा, नवे गिऱ्हाईक तेथे भेटते. पण प्रत्येक पुडीत आपल्या स्वतःच्या दुकानाचा पत्ता घाला. ज्या बाजाराचे नियम एका पत्रकाने बदलतात, त्यावर सबंध पेढी टेकवून ठेवणे शहाणपणाचे नाही.

शेवटी आपल्या संस्थेस एक नम्र सूचना. ज्या सभासदांनी कार्ट चालविल्या आहेत त्यांचे अनुभव, खरे खर्च आणि विश्वासू कारागिरांची नावे यांची एक टाचणवही कार्यालयात ठेवावी, आणि नव्याने दुकान घालणाऱ्यास ती विनामूल्य दाखवावी. एकट्या-दुकट्या दुकानदारास सॉफ्टवेअर कंपनी दाद देत नाही. पन्नास सभासद मिळून भाव व अटी विचारू लागले तर देईल. हमाली आणि तोलाईचे दर आपल्या वाडवडिलांनी असेच एकत्र बसून ठरवून घेतले होते. येत्या वार्षिक सभेत हा विषय पटलावर यावा, अशी आमची विनंती आहे.

जय जिनेंद्र.