ॲडमिनचं शेल बदलताय? जरा थांबा

मंडळी, चेक पॉइंटच्या फायरवॉलवर काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ही कमांड कधी ना कधी मारलेली असते: ‘सेट युजर ॲडमिन शेल /बिन/बॅश’. कारणही बहुधा एकच. बॅकअपची फाईल विनएससीपीने लॅपटॉपवर घ्यायची असते आणि ॲडमिनचं डिफॉल्ट शेल क्लिश असल्यामुळे ते जमत नाही. शेल बदललं, फाईल आली, काम झालं. पण नंतर शेल परत क्लिशवर कोण आणतं? माझ्या मते खरा घोळ इथेच आहे.

गाया ही ऑपरेटिंग सिस्टिम आतून लिनक्सच. क्लिश मुद्दाम अरुंद ठेवलेलं आहे. त्यात केलेला बदल गायाच्या कॉन्फिगरेशनमध्ये जातो, कोणी काय बदललं त्याची नोंद राहते, आणि एका वेळी एकाच्याच हातात लॉक असतं. दुसऱ्याला ते हवं असेल तर तशी कमांड मुद्दाम द्यावी लागते. बॅशमध्ये यातलं काही नाही. ॲडमिनचा युआयडी शून्य, म्हणजे लॉगिन केलं की तुम्ही थेट रूट!

आता समजा, रात्री दोनला कोणीतरी बॅशमधून ‘आयपी राऊट ॲड’ मारला. ट्रॅफिक लगेच सुरू, सगळे खूश. पण ‘शो कॉन्फिगरेशन’मध्ये तो राऊट दिसत नाही. तीन महिन्यांनी बॉक्स रीबूट झाला की राऊट गायब, आणि त्या रात्री ऑनकॉल असलेला बिचारा पोरगा सकाळपर्यंत भूत शोधत बसतो. क्लिशमध्येही ‘सेव्ह कॉन्फिग’ विसरलात तर बदल जातोच, कबूल. पण निदान रीबूटपर्यंत तो सगळ्यांना दिसतो तरी.

यावर ठरलेला युक्तिवाद असा: “अरे, ‘एक्स्पर्ट’ टाईप केलं की बॅश मिळतंच ना, मग फरक काय?” फरक त्या वेगळ्या पासवर्डचा आहे. तो उंबरठा आहे. ओलांडताना माणूस क्षणभर थांबतो, आपण कुठे चाललोय याचं भान येतं. उंबरठाच काढून टाकला की सोयीची सवय होते.

बरं, फाईल घ्यायला दुसरा मार्ग नाही असंही नाही. गायामध्ये ‘/युएसआर/बिन/एससीपीओन्ली’ नावाचं शेल आधीपासून आहे. फक्त फायलींसाठी एक वेगळा युजर करा, त्याला हे शेल द्या. रूटच्या फायली त्याला वाचता येतीलच असं नाही. मग हवी ती फाईल त्याच्या होम डिरेक्टरीत ठेवा आणि मालकी त्याच्या नावावर करा. पाच मिनिटं जास्त लागतात, बस्स.

सोमवारी ऑफिसला गेलात की एकदा बघा, तुमच्या बॉक्सवर ॲडमिनचं शेल काय आहे. बॅश असेल आणि का आहे हे टीममध्ये कोणालाच सांगता आलं नाही, तर ‘/ईटीसी/सीएलआय.एसएच’वर परत आणा. आणि हो, ‘सेव्ह कॉन्फिग’ विसरू नका!