यकृतार्बुद : रक्तरोधन, दाह आणि आपला सल्ला

यकृतात गाठ निघालेला रुग्ण कर्करोगतज्ज्ञाकडून बहुधा त्याच आठवड्यात आपल्याकडेही येतो. हातात सीटी स्कॅनचे पाकीट असते आणि प्रश्न एकच असतो : "ते म्हणतात, नळी घालून गाठीचे रक्त बंद करू आणि मग सुईने जाळू. करून घेऊ का?" आपल्यापैकी अनेकजण यावर "थोडे थांबा, आधी औषध घेऊन पाहू" असे सांगतात. आम्हीही तसे सांगितले आहे. ते उत्तर चुकीचे होते, असे येथे स्पष्टपणे नमूद करतो.

यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त प्रतिहारिणी शिरेतून व उरलेले यकृत धमनीतून मिळते. अर्बुद मात्र प्रामुख्याने धमनीवर पोसते. म्हणून जांघेतून वा मनगटातून धमनीत बारीक नळी नेऊन, कर्करोगविरोधी औषध सोडून ती शाखा बंद करतात, ही टीएसीई. आरएफए या दुसऱ्या उपचारात गाठीत सुई खुपसून तिच्या अग्राच्या उष्णतेने पेशी मारतात. अडचण अशी, की शेजारून वाहणारे रक्त ही उष्णता वाहून नेते आणि मोठ्या गाठीची कड जिवंत राहते. आधी प्रवाह रोखला तर दाहाचे क्षेत्र वाढते. अर्बुदाचा काही अंश शिल्लक राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, हे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात सांगितलेच आहे. (एवढ्यावरून हे आपलेच अग्निकर्म आहे असे म्हणण्याचा मोह मात्र टाळावा.)

दोन्ही उपचार एकत्र करावेत का, याचे उत्तर बरेचसे गाठीच्या आकारात आहे. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत जोड उपचाराचा अधिक लाभ दिसला नाही, असे २००९ मधील जपानी अभ्यास सांगतो. २०१० मधील दुसऱ्या जपानी अभ्यासात ३.१ ते ५ सेंटिमीटरच्या गाठी होत्या. तीन वर्षांत त्याच जागी रोग वाढण्याचे प्रमाण जोड उपचारात ६ टक्के, तर केवळ आरएफएमध्ये ३९ टक्के होते. रुग्ण अवघे ३७ होते, हे विसरू नये. चीनमधील ग्वांगझौ येथे १८९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार वर्षांनी जोड उपचाराच्या गटातील सुमारे ६२ टक्के रुग्ण हयात होते, केवळ आरएफएच्या गटातील ४५ टक्के. आता सुईत मायक्रोवेव्हही वापरतात. तिची उष्णता लवकर वाढते व रक्तप्रवाहाने कमी हरवते.

हे आकडे आम्ही उशिरा वाचले. हेपॅटायटिस बी असलेले एक गृहस्थ चार सेंटिमीटरची गाठ घेऊन आमच्याकडे आले होते. जोड उपचाराचा सल्ला त्यांना मिळाला होता. ते घाबरले होते आणि आम्ही त्यांना थांबू दिले. तीन महिन्यांत भूक सुधारली, झोप लागू लागली, तेव्हा गाठही थांबली असावी असे आम्ही धरून चाललो. पुढच्या स्कॅनमध्ये अर्बुद प्रतिहारिणी शिरेत शिरलेले दिसले. मग तो उपचार करण्यास तज्ज्ञ तयार झाले नाहीत.

शस्त्रक्रिया वा यकृत प्रत्यारोपण शक्य असेल तर त्याचा विचार आधी होतो, आणि कावीळ, जलोदर बळावलेल्या रुग्णास टीएसीई बहुधा सोसत नाही. हा निर्णय तज्ज्ञांचा. आपले काम उपचारानंतरही उरते. पहिले काही दिवस ज्वर, उदरशूल, हृल्लास असतो. पण ज्वर लांबला, थंडी वाजू लागली किंवा कावीळ दिसली, तर ज्वरघ्न कल्प देत बसू नये. यकृतात विद्रधी झालेला असू शकतो. रुग्णाला त्याच दिवशी परत पाठवावे. या काळात यकृतावर भार पडेल असे कोणतेही औषध, भस्मेसुद्धा, तज्ज्ञांना न कळवता देऊ नये.

औषधालयचालक बंधूंनाही एक विनंती आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात कर्करोगाचा समावेश आहे, म्हणून 'गाठ विरघळते' असे लिहिलेली पत्रके गल्ल्यावर ठेवू नयेत. यकृताच्या टॉनिकसाठी वारंवार येणाऱ्या ग्राहकाला निदान सोनोग्राफी झाली आहे का, एवढे विचारावे. सिरोसिसच्या रुग्णाने ती दर सहा महिन्यांनी करावयाची असते. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली, तर हा जोड उपचाराचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही.