सतारीचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. सतारीचे कूळ मात्र जो तो शोधतो, आणि शोधायला निघण्याआधीच त्याला ते सापडलेले असते. कोल्हापुरात मैफल संपून चार जाणकार चहाला थांबले की दोन पक्ष ठरलेले. एक म्हणतो, सतार अमीर खुसरोंनी इराणी सेतारावरून काढली. दुसरा म्हणतो, छे, ती आपलीच त्रितंत्री वीणा, बाहेरच्यांनी फक्त नाव बदलले. दोघेही छातीठोक बोलतात आणि पुरावा दोघांकडेही नसतो.

खुसरोंचा दावा आधी घेऊ, कारण तो जास्त पसरला आहे. अमीर खुसरो १३२५ साली वारले. गृहस्थ लिहिण्यात कंजूष नव्हते आणि स्वतःचे मोठेपण सांगण्यात तर अजिबातच नव्हते. संगीतावरही त्यांनी लिहिले. पण आपण सतार काढली असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. पुढे पावणेतीनशे वर्षांनी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वाद्यांची यादी दिली. यंत्र, बीन, किन्नर, रबाब, सारंगी असे सगळे तीत आहे, सतार नाही. एवढे मोलाचे वाद्य तीन शतके दिल्लीच्या आसपास वाजत होते आणि अकबराच्या दरबारात ते कुणाला दिसले नाही, हे मानायला फार मोठी श्रद्धा लागते.

सतार कागदावर ठळकपणे येते ती १७४० च्या आगेमागे. निजामाबरोबर दिल्लीला गेलेल्या दरगाह कुली खानाने तिथल्या गवय्या-बजवय्यांची टिपणे लिहून ठेवली. त्यात ख्यालाच्या बंदिशींतून आपल्याला ठाऊक असलेल्या सदारंगांच्या, म्हणजे न्यामतखानांच्या, घरातल्या सतारवादकाचे कौतुक आहे. याच घराण्यात खुसरोखान नावाचे वादक होऊन गेले. या खुसरोचा पुढे तो खुसरो झाला, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो. १८३४ साली कॅप्टन विलर्डने आपल्या पुस्तकात अमीर खुसरोंचे नाव छापले, मग एकाचे पाहून दुसऱ्याने, आणि शंभर वर्षांत दंतकथेचा इतिहास झाला.

हे आपल्याकडेच होते असे नाही. स्पेनमधल्या मुसलमानी राजवटीतल्या तंतुवाद्यांचे श्रेय असेच झिर्याब नावाच्या एका गवय्याला दिले जाते. तो ८२२ साली कॉर्डोव्हाला आला, ऊदला पाचवी तार त्याने लावली, गरुडाच्या पिसाने ती छेडली, वगैरे. ही हकिकत आपल्यापर्यंत मुख्यतः पोचते ती सतराव्या शतकातल्या अल-मक्करीच्या ग्रंथातून, म्हणजे आठशे वर्षांनी. आणि गिटार मूरांची, म्हणजे तिथल्या मुसलमानांची, की रोमनांची, हा वाद तिथे आजही रंगतो. वास्तविक चौदाव्या शतकातला हुआन रुईस आपल्या काव्यात ‘मूरी गिटार’ आणि ‘लॅटिन गिटार’ अशी दोन्ही वाद्ये शेजारीशेजारी वाजवतो. त्याला त्यात भांडण दिसले नाही.

आता आपला स्वदेशी पक्ष. त्यांचा आधार शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’. ग्रंथ आपल्या देवगिरीचा, सिंघण यादवाच्या पदरी असताना लिहिलेला, त्यामुळे मराठी माणसाचा ऊर भरून येतो. त्यात त्रितंत्री आहे, खरे आहे. पण टीकाकार कल्लिनाथ पंधराव्या शतकात स्पष्ट सांगतो की, लोकांत तिला जंत्र म्हणतात. जंत्र म्हणजे दांडीखाली दोन भोपळे लावलेले, बिनेच्या जातीचे वाद्य. सतारीचा एकजीव भोपळा-गळा त्यात कुठे आहे? नुसत्या तीन तारांवरून नाते जोडायचे तर गोंधळ्याच्या तुणतुण्यालाही दोन तारा कमी म्हणून भावकीतून बाहेर काढता येणार नाही. समुद्रगुप्ताच्या नाण्यावरच्या वीणेचे चित्र दाखवणारेही भेटतात. ती वीणा धनुष्यासारखी वाकडी आहे, तिला बोट दाबायला दांडीच नाही.

मग सतार इराणी? लांब गळ्याचे, पडदे बांधलेले वाद्य इराण-खुरासानातून आले, यात मला शंका नाही. आईनमध्येच हेरातच्या उस्ताद युसुफची तंबूरवादक म्हणून नोंद आहे. पण ते वाद्य आणि आजची सतार यांच्यामध्ये जे घडले, ते या पक्षाने पाहिलेलेच नाही. सेताराची घोडी अरुंद असते. तार छेडली की नाद चटकन विरतो. सतारीची घोडी रुंद, वरून किंचित उताराची. तार तिच्या पाठीवर जेमतेम घासत राहते, आणि त्या घासण्यातून जे गुंजन उठते त्याला जवारी म्हणतात. ही घोडी बिनेची. पडद्यांचेही तसेच. सेताराचे पडदे दांडीला घट्ट बांधलेले. सतारीचे पितळी पडदे कमानदार. त्यावर तार आडवी ओढून एकाच पडद्यावर चार-पाच स्वर काढता येतात. या ओढीला मींड म्हणतात. ती नसती तर आलापी नसती, आणि आलापी हवी म्हणूनच वादकांनी बनवणाऱ्यांकडून दांडी रुंद करून घेतली, तारा वाढवून घेतल्या, एकोणिसाव्या शतकात खाली तरफेच्या तारा बसवून घेतल्या. दिल्लीच्या मसीतखानांची विलंबित गत जुन्या तीनतारी वाद्यावर नीट बसलीच नसती. गाण्याने वाद्याला ओढत ओढत आपल्या अंगाचे करून घेतले. माझ्या मते सतारीचा जन्म हाच. तो एका माणसाचा नाही, एका सालाचा नाही.

आणि हे काम अजून थांबलेले नाही. कोल्हापुरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, या कामाकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव तिथे आजही आदराने घेतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा येतो, भिजवून मऊ केला जातो, तोंड ताणून धरायला आत काटक्या देतात आणि वाळवतात. तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी, मग खुंट्या. शेवटी जवारी: कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायची, पुन्हा उतरवायची. कानस एक फेर जास्त फिरली की नाद बसतो आणि घोडी पुन्हा पहिल्यापासून. गवई अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी आले, अब्दुल करीमखाँ मिरजेत राहिले. या दोन गावांच्या गाण्याला लागणारा तंबोरा इथल्या हातांनीच लावला.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा वाद्य कुणाच्या पूर्वजांचे, हे कुणी विचारले नाही. ते कुठे आणि कसे बनते, हे पाहिले. आमचे दोन्ही पक्ष मात्र अजून चहाच्या टेबलावर खुसरो आणि शार्ङ्गदेव यांची झुंज लावून बसलेत, आणि त्यांच्या घरच्या रियाजाला तंबोरा वाजतो तो मोबाईलमधला.