औटकी आणि फिकट अक्षरे

गेल्या वैशाखात आमच्या आईचे एक लग्न हुकले. तिचे स्वतःचे नव्हे. तिच्या बालमैत्रिणीच्या नातवाचे! पत्रिका मोबाईलवर आली होती. मागे वधूवरांचे धूसर छायाचित्र आणि त्यावर पिवळसर अक्षरे. आईने ५ चा ६ वाचला. ठेवणीतली इरकली नेसून ती निघाली आणि सावेडीतून मनमाड रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात आम्ही पोहोचलो, तो तेथे मांडववाले खुर्च्या रचीत होते. परतताना ती एवढेच म्हणाली, "माझे डोळे गेले रे आता." हीच बाई रोज सकाळी पोथी वाचते, हे मला ठाऊक होते, पण तिची समजूत कशी घालावी ते सुचेना.

गणपतीत पुण्याहून भाचा आला. तो संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. पत्रिका पाहून म्हणाला, "मामा, आजीचे डोळे ठीक आहेत. रंग नापास झालेत."

रंगांनाही पास-नापास असते हे आम्हां मराठीच्या मास्तरांना काय माहीत! त्याने सांगितले, की २००८ साली याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले. अक्षराची आणि पार्श्वभूमीची दीप्ती काढायची, दोन्हींत ०.०५ मिळवायचे आणि मोठीला लहानीने भागायचे. पांढऱ्यावर काळे असेल तर उत्तर २१ येते. साध्या मजकुराला निदान ४.५ हवे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळे ठेवले तर जेमतेम १.०७! राखाडीत तर ११८ अंकाची छटा पास आणि ११९ ची नापास. इतकी कडक तपासणी आमच्या विद्यापीठातही होत नाही.

अडचण असते ती हिशेबाच्या वेळेची. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन अंकांचा. प्रत्येक अंक ० ते २५५. पण अंक दुप्पट झाला म्हणून उजेड दुप्पट होत नाही. प्रत्येक अंकाचा २.४ चा घात काढावा लागतो आणि मग तिन्हींची वजने धरून बेरीज करायची. त्यात हिरव्याचा वाटा सात दशांशांहून जास्त. छायाचित्रात दहा लाख ठिपके असले, तर घात झाले तीस लाख! भाच्याचा पहिला प्रोग्रॅम यातच रखडत असे.

"मग काय केलेस?"

"अंक मुळात २५६ च. त्यांची उत्तरे एकदाच काढून तक्ता केला. आता घात काढायचा नाही, तक्त्यातले घर पाहायचे. रंग पावणेदोन कोटींच्या घरात, पण तक्ता २५६ घरांचा."

मला हसू आले. "अरे, ही तर आपली औटकी!" पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ असलेला जुना वाणी साडेतीनपटीचा गुणाकार करीत बसत नसे, त्याला उत्तर आधीच ठाऊक असे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२५ साली 'तिथिचिंतामणी'त कोष्टके देऊन ठेवली, म्हणून पुढच्या पंचांगकर्त्यांना प्रत्येक तिथीसाठी सूर्यचंद्रांच्या गतीचा सारा खटाटोप नव्याने करावा लागला नाही. एकाने एकदा कष्ट करून ठेवावेत आणि पुढच्यांनी झटपट चालावे, हा शहाणपणा जुनाच आहे.

मात्र पंचांगही अधूनमधून आकाशाशी ताडून पाहावे लागते. भाच्याने तीच पत्रिका पांढऱ्या पट्टीवर गडद जांभळ्या अक्षरांत मांडली. तक्त्याने तत्काळ पास केली. तरी तो मोबाईल घेऊन आजीपुढे जाऊन बसला.

तिने तारीख, मुहूर्त, स्थळ सारे घडाघडा वाचले. क्षणभर थांबून म्हणाली, "मग तेव्हाच का नाही रे असे लिहिले?"

लग्न काही परत लागणार नव्हते. पण आता कुणाचीही पत्रिका आली आणि वाचता आली नाही, की ती डोळ्यांना बोल लावीत नाही. मोबाईल माझ्यापुढे धरते आणि विचारते, "बघ रे, ही पास आहे का?"