चोख वही, रिकामे काउंटर

गेल्या श्रावणात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पत्नी आमच्या घरी आल्या. मित्राला जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. वहिनींच्या हातात एक कापडी पिशवी होती आणि तिच्यात त्याचा सगळा हिशेब होता. पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, विम्याच्या दोन पॉलिसी, पीपीएफचे खाते, पेन्शनचे कागद. माणसाने उभा जन्म बँकेत काढलेला; त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वारस नोंदवलेला, प्रत्येक पावतीची झेरॉक्स जोडलेली.

"हे सगळं मी करून घेईन भावजी," वहिनी म्हणाल्या, "मला फक्त हे कळत नाही." त्यांनी डायरीचे एक अर्धवट फाटलेले पान पुढे केले. त्यावर मित्राच्या वळणदार अक्षरात, क्रमांक घालून, एकाखाली एक असे सात इंग्रजी शब्द होते. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. शाळकरी मुलाने पाठ करायला लिहून घ्यावेत तसे. खालचा भाग फाटून गेला होता.

उलगडा केला माझ्या भाच्याने. तो पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात आहे. मित्राने निवृत्तीनंतर सव्वाचार लाखांचे बिटकॉइन घेतले होते. जुलै २०२४ मध्ये देशातल्या एका मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीला गेली. मित्राचे खाते दुसरीकडे होते, पण त्याने धास्ती घेतली आणि आपली नाणी काढून मोबाइलमधल्या स्वतःच्या पाकिटात ठेवली. तो मोबाइल दवाखान्याच्या धावपळीत हरवला. पाकीट पुन्हा उघडायचे तर बारा शब्द हवेत, तेही क्रमाने. आमच्याकडे सात होते.

भाच्याने जुन्या ई-मेलमधून पाकिटाचा पत्ता शोधला आणि संगणकावर टाकला. क्षणात शिल्लक दिसली, आठव्या दशांशापर्यंत चोख.

"म्हणजे पैसे आहेत ना?" वहिनींनी विचारले.

"आहेत मामी."

"मग अर्ज कुणाकडे करायचा?"

छत्तीस वर्षे मी काउंटरच्या आत बसलो. मृत खातेदारांच्या वारसांचे किती अर्ज हातावेगळे केले, त्याची गणती नाही. त्या दिवशी मात्र मी गप्प बसलो, कारण अर्ज घेणारा कुणी नव्हताच.

एरवी ही वही मला फार आवडली असती. १९८४ साली मी नोकरीला लागलो तेव्हा खतावणीचा पहिला धडा असा होता: खोडायचे नाही. आकडा चुकला तर त्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि अधिकाऱ्याने आद्याक्षरी करायची. चूकसुद्धा वाचता आली पाहिजे. नऊ पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री दहापर्यंत बसलेलो आहोत.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. हा माणूस कोण, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. त्या निबंधातली कल्पना म्हणजे आमच्या त्या पहिल्या धड्याचा कळस. वही एका बँकेत ठेवायचीच नाही. हजारो संगणकांवर तिच्या हुबेहूब प्रती ठेवायच्या. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचे एक नवे पान जोडायचे आणि प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा उमटवायचा. मधल्या एका पानावर कुणी खाडाखोड केली की त्याचा ठसा बदलतो, मग पुढच्या सगळ्या पानांचे ठसे जुळेनासे होतात आणि लबाडी उघडी पडते. हीच ब्लॉकचेन. जानेवारी २००९ मध्ये ही वही सुरू झाली. तिला तपासनीस नाही, शाखाधिकारी नाही, सुट्टी नाही. एका बँकवाल्याने टोपी काढावी असेच हे काम आहे.

गफलत पुढे होते. वही चोख आहे म्हणून वहीत लिहिलेली वस्तूही मोलाची आहे, असे आपण धरून चालतो. वही फक्त एवढेच सांगते की कुणाकडे किती आहे. त्याची किंमत काय, हे तिला ठाऊक नसते.

२२ मे २०१० रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडात एका प्रोग्रॅमरने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले. डिसेंबर २०१७ मध्ये एका बिटकॉइनचा भाव २० हजार डॉलरच्या घरात गेला आणि वर्षभरात तीन हजारांच्या आसपास उतरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजारांच्या जवळ, वर्षभरात १६ हजारांच्या खाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लाखाच्या वर. या चढणीत काहींचे बंगले झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उतरणीत ज्याला मुलीच्या लग्नासाठी विकावे लागले, त्याची मुलाखत कुणी छापत नाही.

शेअरमागे कंपनीचा नफा असतो, शेतामागे पीक, मुदत ठेवीमागे कुण्या कर्जदाराने भरलेले व्याज. बिटकॉइनमागे असतो तो पुढचा गिऱ्हाईक. सोनेही व्याज देत नाही, हे मान्य. पण सोने मोडायला सराफ असतो, गहाण ठेवायला बँक असते आणि अंगावर घालायला सूनबाई. नाणी दोन कोटी दहा लाखांच्या पुढे कधीच जाणार नाहीत, म्हणून ती मोलाची, असे भाचा म्हणतो. मी त्याला म्हटले, माझ्या पहिल्या कादंबरीच्या प्रती त्याहून कितीतरी दुर्मीळ आहेत; अजून कुणी भाव विचारलेला नाही.

मग हे तंत्र निरुपयोगी का? मुळीच नाही. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवून देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. बनावट दाखल्यावर दुसराच कुणी प्रवेश मिळवतो, तेव्हा खऱ्या हक्कदाराचे काय होते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. असा दाखला खरा की खोटा हे लगेच पडताळता येते आणि त्यासाठी त्या आदिवासी मुलाला एकही नाणे विकत घ्यावे लागत नाही. तंत्राचा उपयोग आणि नाण्याचा सट्टा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा.

अर्थात इथेही भाबडेपणा नको. उद्या सातबारा ब्लॉकचेनवर गेला आणि पहिलीच नोंद भावाला फसवून केलेली असली, तर ती फसवणूक चिरंतन होईल, एवढेच. ऑस्ट्रेलियाच्या शेअरबाजाराने आपली हिशेबपूर्तीची यंत्रणा ब्लॉकचेनवर नेण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती सोडून दिली. साध्या वहीने भागते तिथे नवी वही घेण्याची हौस महाग पडते.

"पण मामा, बँका तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या आहेत?" भाच्याचा हा प्रश्न मात्र झोंबला. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त हजार रुपये काढायची मुभा होती, आणि मुंबईत शाखांच्या दारात म्हातारी माणसे रडत होती. मध्यस्थावर विश्वास का ठेवावा, हा सातोशीचा प्रश्न तेव्हा मलाही खरा वाटला. तरीही त्या रडणाऱ्यांना उभे राहायला एक दार होते. रिझर्व्ह बँक होती, न्यायालय होते. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचे विमासंरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले. उशिरा का होईना, कुणाला तरी उत्तर द्यावे लागले.

नाणी स्वतःजवळ ठेवावीत तर शब्द हरवतात. दुसऱ्याकडे ठेवावीत तर माणसे निघतात अशी. कॅनडातल्या क्वाड्रिगा या एक्स्चेंजचा तरुण संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपुरात वारला. नाण्यांच्या किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्या, असे ग्राहकांना सांगण्यात आले. २०२० मध्ये ओंटारिओच्या रोखे नियामकाने चौकशीअंती सांगितले की त्याने ग्राहकांचे बरेचसे पैसे हयातीतच उडवले होते. आणि आपल्या पुण्यात २०१८ साली पोलिसांपर्यंत गेलेली 'गेनबिटकॉइन' योजना? अठरा महिने दरमहा दहा टक्के, हे तिचे आश्वासन. नाव तेवढे नवे; आकडा तर भिशी बुडवून पळणाऱ्यांचा जुनाच.

सरकारचे धोरणही ध्यानात घ्या. २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणजे सरकार नफ्यात भागीदार आहे, तोट्यात नाही. कर घेतला म्हणजे मान्यता दिली, असाही अर्थ कुणी काढू नये.

तरुणांना मी 'घेऊच नका' असे सांगणार नाही. पगार सुरू आहे, पुढे तीस वर्षे आहेत, गेले तर गेले म्हणता येईल एवढीच रक्कम आहे, तर हौस करावी. पण ग्रॅच्युइटी, मुलांची फी आणि आजारपणाचे पैसे तिकडे नेऊ नयेत. ज्यांनी आधीच घेतले आहे त्यांनी आज रविवार आहे तर एवढे करावे: ते बारा शब्द दोन कागदांवर लिहावेत, दोन ठिकाणी कुलपात ठेवावेत आणि घरातल्या एका तरी भरवशाच्या माणसाला ते कशाचे आहेत हे नीट समजावून सांगावे. आमच्या मित्राने हजारो खातेदारांकडून वारसाचा रकाना भरून घेतला होता. या वहीत तो रकानाच नव्हता.

वहिनींची बाकीची कामे गणपतीपूर्वी मार्गी लागली. एका शाखेत त्यांना तीन हेलपाटे पडले, त्या चिडल्या, तिथल्या पोरीशी भांडल्याही. भांडायला समोर कुणीतरी होते.

ते सात शब्दांचे पान त्यांनी देवघरातल्या डब्यात ठेवले आहे. अधूनमधून त्या भाच्याला फोन करून शिल्लक विचारतात. तो पाहून सांगतो. आकडा अजून तेवढाच आहे, आठव्या दशांशापर्यंत.