तेरच्या मूर्तींपुढे मुलांचे डोळे झाकू नका




शाळेच्या सहलीसाठी धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचे नाव निघाले की ‘तिथल्या संग्रहालयातल्या त्या उघड्या मूर्ती मुलांना कशाला दाखवायच्या’ असे म्हणणारे कुणीतरी भेटतेच. हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही.

तेरला मिळालेल्या लज्जागौरीच्या मूर्ती नीट पाहाव्यात. गुडघे वर घेतलेली ही देवी प्रसूतीच्या आसनात आहे. मस्तकाच्या जागी बहुधा कमळ असते. बायकांनी मूलबाळ मागण्यासाठी पुजलेले हे दैवत आहे. संशोधक डॉ. रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो काही अश्लीलतेचा अभ्यास नव्हे. शस्त्रधारी तुळजाभवानीपुढे माथा टेकणाऱ्या या जिल्ह्याला जन्म देणाऱ्या देवीचा संकोच का वाटावा?

उघड्या स्त्रीदेहाकडे अशा आदराने पाहणारे आपण एकटेच नाही. नायजेरियातील योरुबा लोकांच्या लाकडी शिल्पांतही अनावृत वक्षाची, गुडघे टेकून पात्र धरलेली स्त्री वारंवार भेटते. गुडघे टेकण्यात देवापुढची विनम्रता आहे, तशी बाळंतवेणांची आठवणही आहे. ओलोवे या थोर योरुबा शिल्पकाराने १९१० ते १९१४ च्या सुमारास इकेरेच्या राजवाड्यासाठी एक खांब कोरला. त्यावर सिंहासनावरचा राजा लहान आणि त्याच्या मागे उभी असलेली राणी कितीतरी मोठी आहे. उघड्या अंगामुळे तिचा मान तसूभरही कमी होत नाही. अशा शिल्पांना रानटी ठरवले ते बाहेरून आलेल्या मिशनऱ्यांनी. त्यांची नजर आपण का उसनी घ्यावी?

तेरलाच सापडलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मात्र वेगळी, ती पूजेची नसावी. तिच्या जातकुळीची एक भारतीय प्रतिमा १९३८ मध्ये इटलीतील पाँपेईला सापडली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे त्यापूर्वीच ती समुद्रापार पोचली होती. आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय म्हणून ती घडवली असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे इथे स्त्रीदेह श्रीमंतांच्या चैनीची वस्तू झाला आहे. हेही मुलांना सांगायलाच हवे. एकीकडे देवी, दुसरीकडे शोभेची वस्तू: स्त्रीकडे पाहण्याच्या या दोन्ही तऱ्हा त्यांना एकाच गावात पाहायला मिळतात.

मुले हसतील, कुजबुजतील. मोठी माणसे गप्प राहिली, तर ते हसू थांबणार नाही. शिक्षकांनी आधी स्वतः वाचून जावे, मूर्तीपुढे मुलांना थांबवावे आणि त्यांच्या प्रश्नांना सरळ उत्तरे द्यावीत, ही कळकळीची विनंती.

— एक शिक्षिका, धाराशिव